मानेची गाठ : बोटांपासून रिपोर्टापर्यंत

केसपेपरवर बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं: 'नेक स्वेलिंग, एफएनएसी करावी.' म्हणजे मानेला गाठ आहे, बारीक सुईने पेशी काढून तपासा. किती दिवसांची, कुठल्या बाजूची, दुखते का, यातलं काही नसतं. पॅथॉलॉजीला नुकत्याच रुजू झालेल्या रेसिडेंटला वाटतं, आपलं काम सुई घालायची आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. पण मानेच्या गाठीचं निम्मं वर्गीकरण सुईचं पाकीट फाडण्याआधीच होऊन जातं, आणि ते बोटांनी होतं. गाठ नक्की कशाची, थायरॉइडची, लाळग्रंथीची की लिम्फ नोडची (जंतू आणि पेशी गाळणाऱ्या छोट्या ग्रंथीची), हे चुकलं तर स्लाइड कितीही छान रंगलेली असो, उत्तर हाती लागत नाही.

पुढे लिहिलंय ते नवीन रेसिडेंट आणि ग्रामीण रुग्णालयात पहिल्यांदा सुईची ओपीडी चालवणारे डॉक्टर यांच्यासाठी.

१. आधी हात लावा

पेशंटला स्टुलावर बसवा, मागे उभे राहा आणि पाण्याचा घोट द्या. गिळताना गाठ वर सरकली तर ती थायरॉइडची, किंवा थायरॉइडला धरून असलेली. गाठ मध्यभागी असेल तर जीभ बाहेर काढायला सांगा. जिभेबरोबर वर ओढली गेली तर थायरोग्लॉसल सिस्टचा, म्हणजे जन्मापासून राहिलेल्या नळीतल्या पाण्याच्या गाठीचा विचार करायचा. कानाच्या पाळीखाली गाठ आहे आणि पाळी किंचित उचलली गेलीय, तर तो पॅरोटिड, म्हणजे कानाजवळची लाळग्रंथी असते. नवी मुलं याला हमखास 'अप्पर सर्व्हायकल नोड' लिहून मोकळी होतात. जबड्याखालच्या गाठीला एक बोट तोंडातून आणि एक बाहेरून लावून बघा. दोन्ही बोटांत नीट सापडली तर सबमँडिब्युलर ग्रंथी, फक्त बाहेरूनच लागली तर बहुधा नोड. जेवताना फुगते आणि नंतर उतरते असं पेशंटने सांगितलं, तर नळीत खडा असण्याची शक्यता धरा.

नोड असेल तर त्याची जागा लिहा, कारण नोड कुठून निचरा घेतो त्यावर पुढचा सगळा विचार ठरतो. हनुवटीखालच्या आणि जबड्याखालच्या नोडसाठी तोंड उघडून बघायचंच: दात, हिरड्या, गालाची आतली बाजू, जिभेची कड. आपल्याकडे तंबाखू, मिशेरी, गुटखा हे प्रश्न विचारल्याशिवाय सुई घालणं म्हणजे अर्धी माहिती टाकून देणं. आजीला 'तंबाखू खाता का?' विचारलं तर 'नाही' म्हणतील. 'मिशेरी लावता का?' विचारलं की 'ती लावते की, चाळीस वर्षं झाली' असं उत्तर येतं. प्रश्नातला शब्द पेशंटच्या घरातला हवा.

मानेच्या मागच्या त्रिकोणातले नोड असतील तर डोक्याची कातडी बघा. लहान मुलींमध्ये उवा आणि खाजवून झालेले फोड हे कारण आजही सापडतं. डाव्या बाजूचा, हासळीच्या हाडाच्या वरचा नोड हा वेगळाच इशारा असतो. तिथे पोटातला, विशेषतः जठराचा कॅन्सर येऊन बसतो. वैद्यकीय पुस्तकांत त्याला व्हिर्शोचा नोड म्हणतात. पेशंट मानेची गाठ दाखवायला आलेला असतो, आणि तुम्हाला विचारायचं असतं की भूक कधीपासून कमी झाली.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण आल्याचं लोक सांगतात. मानेतही तोच प्रकार होतो: दात किडला, घसा धरला, की नोड सुजतो. अशी गाठ दुखते, मऊसर असते आणि दोन-तीन आठवड्यांत उतरायला लागते. एकमेकींना चिकटलेल्या, फारशा न दुखणाऱ्या, महिनोन्महिने राहिलेल्या गाठी ही जुन्या लोकांची गंडमाळ, आणि तिच्यामागे आपल्याकडे बहुतेक वेळा टीबी असतो. दगडासारखी कडक, हलत नसलेली गाठ कॅन्सरची शंका वाढवते. रबरासारखी, गोटीसारखी सुटी फिरणारी, सोबत ताप, रात्रीचा घाम, वजन कमी झालेलं असेल तर लिम्फोमा (नोडमधल्या लिम्फोसाइट पेशींचा कॅन्सर) डोक्यात ठेवायचा, पण घाम आणि वजन टीबीतही येतं. म्हणून बोटांचं मत हे फक्त सुरुवातीचं मत.

२. कुठे हात आवरायचा

गाठ धडधडते का ते बघा. जबड्याच्या कोनाखाली, कॅरोटिड धमनीच्या फाट्यापाशी असलेली, आडवी हलणारी पण वर-खाली न हलणारी गाठ म्हणजे कॅरोटिड बॉडी ट्यूमर, रक्ताने भरलेली गाठ, असू शकतो. तिला सुई लावायची नाही, आधी इमेजिंगला पाठवायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का हा प्रश्न साध्या शब्दांत विचारा, 'हृदयाची गोळी घेता का?' असा. थायरॉइडची गाठ असून रक्तातला टीएसएच (थायरॉइडला चालना देणारा हार्मोन) खूप खाली असेल तर आधी थायरॉइडचा स्कॅन. ती गाठ स्वतःच जास्त हार्मोन बनवत असेल तर तिच्यात कॅन्सर सापडण्याची शक्यता फारच कमी असते आणि सुईची गरज सहसा पडत नाही.

म्हातारपणी जुनं गलगंड अचानक, आठवड्यांत वाढलं आणि आवाज बसला, श्वास घेताना घरघर येते, तर तपासणी तुमच्या टेबलावर सावकाश करत बसू नका. ईएनटीवाल्याला फोन करा. अॅनाप्लास्टिक कार्सिनोमा, थायरॉइडचा सगळ्यात झपाट्याने वाढणारा कॅन्सर, असला तर दिवस मोजूनच हातात असतात.

३. सुई

बारीक सुई हवी, २३ ते २५ गेजची. थायरॉइडला मी २५ वापरतो, कारण ती ग्रंथी रक्ताने भरलेली असते आणि जाड सुईने स्लाइडवर फक्त रक्त येतं. सुईने गाठीतल्या पेशी ओढून बघण्याचा अनुभव न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या मार्टिन आणि एलिस यांनी १९३० मध्ये मांडला. त्यांची सुई १८ गेजची होती, म्हणजे बरीच जाड. बारीक सुईचं तंत्र पुढच्या दशकांत स्वीडनमध्ये रुजलं. 'सुई लावली की गाठ पसरते' ही भीती तुम्हाला रोज ऐकायला मिळेल. बारीक सुईच्या वाटेने कॅन्सर पसरणं अतिशय दुर्मीळ आहे, हे पेशंटला शांतपणे सांगा. घाई करू नका, कारण घाबरलेला माणूस मान ताठ करतो आणि ताठ मानेत नोड सापडत नाही.

पेशंट उपाशी नको, खाऊन आलेला बरा. त्याला झोपवूनच करा. बसलेला पेशंट चक्कर येऊन खाली गेला की तुमचा सगळा दिवस बिघडतो. थायरॉइडसाठी खांद्याखाली उशी, मान मागे. 'आजी, आता दहा आकडे मोजेपर्यंत गिळू नका, बोलू नका' एवढं सांगायचं. गाठ डाव्या हाताच्या दोन बोटांत घट्ट धरा. खरी कौशल्याची गोष्ट हीच, सुई नव्हे.

सुई आत गेल्यावर सिरिंज ओढून धरा, गाठीच्या आतच पाच-दहा वेळा पटपट पुढे-मागे करा. सुईच्या हबमध्ये थेंब दिसला की थांबा. आणि बाहेर काढण्याआधी पिस्टन सोडा. हे विसरलात तर मटेरियल सुईतून सिरिंजमध्ये उडतं आणि परत येत नाही. थायरॉइडमध्ये आणि लहान नोडमध्ये सिरिंज न लावता नुसत्या सुईनेही मटेरियल चांगलं येतं, सुईची धार पेशी खरवडते आणि त्या आपोआप सुईत चढतात. रक्त कमी येतं. एका गाठीतून दोन-तीन वेळा घ्या, वेगवेगळ्या दिशांनी. मोठ्या गाठीचा मधला भाग सडलेला असतो, म्हणून कडेने घ्या.

नंतर पाच मिनिटं दाबून धरायचं. पेशंटला स्वतः दाबू द्या, पण 'चोळू नका' हे वेगळं सांगा. सुई झाकण लावण्याच्या भानगडीत न पडता थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात.

४. स्लाइडवर काय पडलं ते आधी डोळ्यांनी बघा

ही पायरी पुस्तकात दोन ओळींत संपते. माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा.

सुईतून आलेला थेंब स्लाइडवर पडतो तेव्हाच तो बोलतो. पिवळसर, दह्यासारखं घट्ट, कधी चुऱ्यासारखं मटेरियल आलं की टीबीचा विचार आणि लगेच दुसरी सुई सीबीनॅटसाठी (टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी मशीन तपासणी). मधासारखं, चिकट, पसरवताना चमकणारं आलं तर कोलॉइड, म्हणजे थायरॉइडमधला नेहमीचा द्रव. स्लाइड पंख्याखाली दहा मिनिटं ठेवली तरी सुकत नाही, तेलाचे चकाकणारे थेंब दिसतात, तर चरबीची गाठ. पांढरं, टूथपेस्टसारखं, घाण वास येणारं मटेरियल म्हणजे एपिडर्मॉइड सिस्ट. गढूळ, तपकिरी, मोटार ऑइलसारखं पाणी पॅरोटिडमधून, तेही वयस्क बिडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाच्या, आलं तर वॉर्थिन ट्यूमर बहुधा, लाळग्रंथीची साधी, कॅन्सर नसलेली गाठ. पातळ, काडीसारख्या रंगाचं पाणी मानेच्या बाजूच्या गाठीतून आलं तर ब्रँकियल सिस्ट, जन्मतः राहिलेली पाण्याची गाठ, असं वाटतं. आणि इथे मी एकदा फसलो.

बावन्न वर्षांचा माणूस, उजव्या बाजूला वरती मऊ गाठ, सुईत पाणी, खाली थोड्या स्क्वॅमस पेशी, कोलेस्टेरॉलचे चौकोनी स्फटिक. मी 'ब्रँकियल सिस्ट' लिहून सही केली. दोन महिन्यांनी गाठ पुन्हा भरली, तेव्हा वरिष्ठांनी पाणी सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात गरगर फिरवून) तळाशी बसलेला गाळ बघायला लावलं. त्यात काळपट केंद्रकं असलेल्या, नारिंगी कडेच्या पेशी होत्या. मूळ कॅन्सर टॉन्सिलमध्ये निघाला. तेव्हापासून चाळिशीपुढच्या माणसाच्या मानेच्या बाजूचं सिस्ट मी मेटास्टॅसिस, म्हणजे दुसरीकडून पसरलेला कॅन्सर, समजूनच सुरुवात करतो. थायरॉइडचा पॅपिलरी कॅन्सरही असाच सिस्ट होऊन नोडमध्ये लपतो. पाणी आलं तर सगळं पाणी काढा, सेंट्रिफ्यूज करा आणि पाणी काढल्यावर उरलेल्या घट्ट भागात पुन्हा सुई घाला.

५. सुकवायचं की बुडवायचं

दोन्ही करायचं. काही स्लाइड ताबडतोब, खरंच ताबडतोब, ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, पॅप स्टेनसाठी. काही पटकन हवेत सुकवून गिम्सा किंवा लेशमनसाठी. पॅप केंद्रक दाखवतो, गिम्सा पेशींमधलं द्रव्य दाखवतो. पॅरोटिडच्या प्लिओमॉर्फिक अॅडेनोमातलं (लाळग्रंथीच्या एका बिनाइन ट्यूमरमधलं) जांभळट-गुलाबी, धाग्यांसारखं स्ट्रोमा, म्हणजे पेशींमधला आधार देणारा भाग, गिम्सामध्ये लांबूनही ओळखू येतं. स्लाइडवर नंबर आधी पेन्सिलने, मग मटेरियल, हा क्रम कधीच उलटा नको.

एक गोष्ट कुणी सांगत नाही: हवेत सुकवलेल्या स्लाइड बायॉप्सीच्या फॉर्मालिनच्या बाटलीबरोबर एकाच डब्यात पाठवू नका. फॉर्मालिनची वाफ स्लाइडवर बसते आणि गिम्सा निळसर, धुरकट निघतो, पेशी आहेत पण वाचता येत नाहीत. तालुक्याहून येणाऱ्या बऱ्याच स्लाइड मी याच कारणाने परत पाठवल्यात.

६. मायक्रोस्कोप : नोडची स्लाइड

आधी ठरवा की हा नोडच आहे का. लिम्फोसाइट आणि त्यांच्यामध्ये पेशीद्रव्याचे छोटे गोल तुकडे दिसले तर हो. मग विचारा, पेशी सगळ्या आकारांच्या मिसळलेल्या आहेत की सगळ्या एकसारख्या? लहान, मध्यम, मोठ्या आणि मधूनमधून पेशी गिळलेले मॅक्रोफेज, तर रिअॅक्टिव्ह, म्हणजे संसर्गाला प्रतिसाद म्हणून सुजलेला नोड. सगळ्या एकाच छापाच्या दिसल्या तर लिम्फोमा. मोठ्या, दोन केंद्रकांच्या, घुबडाच्या डोळ्यांसारख्या पेशी विखुरलेल्या असतील तर हॉजकिन. लिम्फोमाचा उपप्रकार सुईवर ठरवून केमो सुरू करायला कुणी सांगितलं तर नाही म्हणा. अख्खा नोड काढून तुकड्याची तपासणी आणि इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींवरची प्रथिनं रंगवून ओळखणं) हवी. तोवर स्टेरॉइड सुरू करू नका अशी टीप रिपोर्टात घाला, स्टेरॉइडने लिम्फोमा तात्पुरता विरघळतो आणि मग बायॉप्सीत काही सापडत नाही.

टीबीमध्ये चपलेच्या तळव्यासारख्या लांबट केंद्रकांच्या एपिथेलिऑइड पेशींचे पुंजके (हेच ग्रॅन्युलोमा), गुलाबी दाणेदार नेक्रोसिस म्हणजे मेलेला भाग, कधी अनेक केंद्रकांच्या मोठ्या लँगहान्स पेशी. पण हे तीनही एकत्र असायलाच हवं असं नाही. नवीन माणसाला उलट वाटतं, पण जंतू सगळ्यात जास्त सापडतात ते नुसतं नेक्रोसिस आणि पू असलेल्या स्लाइडवर, आणि सगळ्यात कमी सुंदर ग्रॅन्युलोमा असलेल्या स्लाइडवर. म्हणून 'ग्रॅन्युलोमा नाही, नुसता पू आहे' म्हणून झेडएन (टीबीचे जंतू दाखवणारा रंग) टाळू नका, पुवाची स्लाइड आधी झेडएनला टाका. एचआयव्ही असलेल्या पेशंटमध्ये ग्रॅन्युलोमा नीट बनतच नाहीत आणि जंतू भरमसाठ असतात.

सीबीनॅट किंवा ट्रूनॅटसाठी मटेरियल नॉर्मल सलाइनमध्ये, निर्जंतुक बाटलीत. फॉर्मालिनमध्ये अजिबात नको. या तपासणीत रिफॅम्पिसिनला जंतू दाद देतात का तेही कळतं, म्हणून नुसत्या स्लाइडवर समाधान मानू नका. टीबी ठरला की निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंद करणं बंधनकारक आहे, २०१२ पासून टीबी हा कळवावा लागणारा आजार आहे. आणि प्रत्येक ग्रॅन्युलोमा टीबी नसतो. सारकॉइड, बुरशी, कधी कॅन्सरचा निचरा घेणाऱ्या नोडमध्येही ग्रॅन्युलोमा येतात. औषध चालू असताना नोड आणखी मोठा झाला म्हणून उपचार फसला असंही समजू नका, टीबीच्या नोडमध्ये हे होतं.

परकी पेशी नोडमध्ये, केरॅटिन, नारिंगी रंग, म्हणजे स्क्वॅमस कार्सिनोमा. तोंड आणि घसा बघितल्याची नोंद आहे का ते कागद उलटून पाहा.

नोडसाठी आता सिडनी पद्धत वापरतात, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली: एल १ अपुरं, एल २ बिनाइन (कॅन्सर नाही), एल ३ अनिश्चित, एल ४ संशयास्पद, एल ५ कॅन्सर. एक खाच लक्षात ठेवा. टीबीचा ग्रॅन्युलोमॅटस नोडही एल २ मध्येच बसतो. नुसतं 'एल २, बिनाइन' वाचून सर्जन पेशंटला घरी पाठवेल आणि टीबी तसाच राहील. आकड्यापुढे शब्दांत निदान हवंच.

७. थायरॉइड आणि लाळग्रंथी

थायरॉइडच्या सुईच्या रिपोर्टासाठी बेथेस्डा पद्धत. अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथे २००७ मध्ये बैठक झाली, तिचं नाव पद्धतीला पडलं. तिसरी आवृत्ती २०२३ ची आहे. सहा गट:

१. अपुरं
२. बिनाइन
३. अनिश्चित अॅटिपिया (पेशी वेगळ्या दिसतात, पण अर्थ ठरत नाही)
४. फॉलिक्युलर निओप्लाझम (थायरॉइडच्या मूळ, फॉलिक्युलर पेशींची गाठ)
५. कॅन्सरचा संशय
६. कॅन्सर

कॅन्सर निघण्याची सरासरी शक्यता दुसऱ्या गटात ४ टक्के, तिसऱ्यात २२, चौथ्यात ३०, पाचव्यात ७४, सहाव्यात ९७. पुरेसं म्हणायला प्रत्येकी किमान १० फॉलिक्युलर पेशी असलेले ६ पुंजके हवेत. कोलॉइड भरपूर असेल, हाशिमोटोचा (थायरॉइडवर शरीरानेच हल्ला करण्याच्या आजाराचा) लिम्फोसाइटचा भडिमार असेल किंवा एकही संशयास्पद पेशी असेल तर ही मोजणी सोडा. नुसतं सिस्टचं पाणी मिळालं तर ते पहिल्या गटात, 'बिनाइन' नव्हे.

चौथा गट पेशंटला समजावणं सगळ्यात अवघड जातं. फॉलिक्युलर अॅडेनोमा आणि कार्सिनोमा यांच्या पेशी सुईवर सारख्याच दिसतात. फरक गाठीच्या कवचात असतो: पेशी कवच फोडून किंवा रक्तवाहिनीत घुसल्या आहेत का. ते बघायला अख्खी गाठ आणि तिचं सगळं कवच हवं. घराच्या आतून एक वीट आणून दाखवली तर भिंतीला भोक पडलंय का ते सांगता येत नाही, असं मी पेशंटला सांगतो. पॅपिलरी कार्सिनोमाचं मात्र केंद्रकावरच कळतं: खाचा आणि केंद्रकाच्या आत दिसणारे फिकट गोल. तो सहाव्या गटात लिहायला घाबरू नका.

लाळग्रंथींसाठी मिलान पद्धत, पहिली आवृत्ती २०१८ ची. तिच्यात चौथा गट दोन भागांत आहे: नक्की बिनाइन ट्यूमर, आणि 'ट्यूमर आहे, पण बिनाइन की घातक सांगता येत नाही'. हा दुसरा भाग वापरायला शिका. लाळग्रंथींचे ट्यूमर एकमेकांची नक्कल करण्यात पटाईत.

८. तुकडा काढायचा ठरला तर

सर्जनला आधीच सांगून ठेवा. नोड निघाला की तो तिथेच कापा, कापलेल्या बाजूचे दोन ठसे स्लाइडवर घ्या, एक छोटा तुकडा सलाइनमध्ये टीबीच्या तपासणीसाठी, उरलेला १० टक्के फॉर्मालिनमध्ये. सगळा नोड सरळ फॉर्मालिनमध्ये टाकून 'कल्चर करा' (जंतू वाढवून बघा) अशी चिठ्ठी येते तेव्हा करण्यासारखं काही उरत नाही.

९. रिपोर्ट आणि तो कपाटातला गठ्ठा

रिपोर्टात गाठीची जागा, आकार, सुईतून काय आलं, गट, शब्दांत निदान आणि पुढे काय करावं, एवढं हवं. 'क्लिनिकली कोरिलेट करावं' हे वाक्य एकटं लिहू नका. कशाशी जुळवायचं ते लिहा, टीएसएचशी, तोंडाच्या तपासणीशी, छातीच्या एक्स-रेशी. मटेरियल अपुरं असेल तर तसंच लिहा आणि पुन्हा बोलवा. अंदाजाने 'रिअॅक्टिव्ह' लिहिलेल्या रिपोर्टातून जास्त नुकसान झालेलं मी पाहिलंय.

दर शनिवारी पेशंटने खिडकीवरून न नेलेल्या, कपाटात पडलेल्या रिपोर्टांचा गठ्ठा चाळा. त्यात एल ४, एल ५, पाचवा-सहावा गट आणि टीबीचे कागद वेगळे काढा आणि केसपेपरवरच्या नंबरवर स्वतः फोन लावा. म्हणून पहिल्याच दिवशी, सुई घालण्याआधी, फोन नंबर विचारताना घरातल्या आणखी एकाचा नंबरही लिहून घेत जा. मोबाइल मुलाकडे असतो, आणि मुलगा पुण्याला.